शेवटच्या बांधीला आधी

मेणबत्ती नको लावूस, रेणू. लाईट गेली तर गेली, माझ्या मोबाईलचा उजेड पुरेल. आणि मोरीतला नळ चालू आहे, तो तसाच राहू दे. तू मघापासून बंद करायला उठतेस, मी बघते आहे. पाणी वाया घालवणाऱ्या घरात मीही वाढले नाही गं. पण आजचा दिवस राहू दे. तुझा भाऊ ड्युटीवरून येईपर्यंत बस इथे, तोवर मी तुला सांगते.

आमचं लग्न ठरलं तेव्हा तुझी आई सगळ्यांना सांगत होती, सून कारखान्यात आग विझवते म्हणून. मला हसू यायचं. आग विझवायला नव्हे, ती लागूच नये म्हणून मला पगार मिळतो. आग लागली नाही की लोक विचारतात, ही बाई दिवसभर करते काय.

तिरोड्याच्या रस्त्यावरचा आमचा कारखाना तू बाहेरून पाहिला आहेस. राइस मिलांमधून कोंडा येतो आणि त्यातलं तेल आम्ही हेक्झेनने काढतो. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा चुलतभाऊ समज, स्वभावाने जास्त तापट. त्याची वाफ दिसत नाही. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि कुठे ठिणगी भेटली की आल्या वाटेने आग घेऊन परत येते. म्हणून तिथे डेल्यूज, म्हणजे आगीवर पाणी ओतायची यंत्रणा, बसवलं आहे. टाक्यांवर, टँकर रिकामा करायच्या शेडवर, सगळीकडे लाल पाइप आणि त्यांना उघडी तोंडं. खाली उष्णता वाढली की काचेची बारीक कुपी फुटते, मोठा व्हॉल्व उघडतो आणि सगळ्या तोंडांतून एकदम पाणी कोसळतं.

एकदम म्हणायचं आपलं. पंपाजवळच्या रांगेला आधी मिळतं आणि शेवटच्या रांगेला सगळ्यांत शेवटी, तेही रडत-खडत. आमची शेवटची रांग म्हणजे टँकरची शेड. तिथे टँकरला नळी जोडायचं काम गजेंद्र करतो, तुझा भाऊ. दर चाचणीला तिथे पाणी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. खरी आग लागली तर इतका वेळ कोण देणार? दुसरा पंप घ्या म्हणून मी शेठजींच्या मागे लागले होते. "अगले सीज़न में देखेंगे, अंजू मॅडम," असं ते म्हणायचे. माणूस वाईट नाही, पण त्यांचा पुढचा सीझन काही उजाडत नव्हता.

डेल्यूजचं पाणी शेजारच्या तळ्यातून येतं. ते तळं आमचं. म्हणजे कागदावर नव्हे, पण आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारे, आमच्याच कोणा पूर्वजाने ते बांधलं म्हणतात, आणि माझे आजोबा, आबाजी, त्याचे पाणकर, म्हणजे पाणी वाटून देणारे होते. मनिराम पाणकर म्हटलं की चार गावांत ओळखायचे. तळ्याच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला आम्ही तुडुम म्हणतो. ते उघडायचा मान त्यांचा. उघडण्याआधी ते बांबूची काठी दगडावर ठोकायचे. मग हाक द्यायचे, लांबवर, सुरात. पाटात कपडे धुणाऱ्या बाया, डुंबणाऱ्या म्हशी, सगळ्यांनी बाजूला व्हावं म्हणून.

आणि पाणी द्यायचं ते शेवटच्या बांधीला आधी. बांधी म्हणजे आपलं धानाचं वाफ्यासारखं शेत. पाटाच्या तोंडाशी पाटलाची बांधी असो की सख्ख्या भावाची, तिचं तोंड मातीने बुजवलेलं असायचं. टोकाची भरली की मग मागची. लोक भांडायचे. आबाजी म्हणायचे, "जवळच्याले पानी दिसते तरी. दूरच्यानं कोनाकडं पाहावं?"

त्या टोकाच्या बांधावर मला उभं करायचे. केवढीशी होते मी, फ्रॉक चड्डीत खोचलेला. पाणी येताना आधी वास यायचा, ओल्या गाळाचा, गारगार. मग वाळल्या भेगांतून किडे पळायचे आणि मग पायाला पाणी लागायचं. मी जीव खाऊन ओरडायचे, "आलंऽऽ, आबाजी!" टोकावरून ते उत्तर आल्याशिवाय आबाजी तुडुम बंद करायचे नाहीत. एकदा मी बांधावरच झोपून गेले आणि पाणी पुढच्या गावच्या शेतात शिरलं. त्या गावचे लोक आले भांडायला. आबाजी म्हणाले, पोरीनं आवाज दिला नाही, मी कसा बंद करू? आता तिथे प्लॉट पडले आहेत. आबाजी गेले, पाटही बुजला. त्या पाण्याला उत्तर देणारं कोणी राहिलं नाही, असं मला वाटायचं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. डेल्यूजच्या मोठ्या व्हॉल्वचं रबर फाटलं होतं. ते बदलायचं म्हणून मी पंप बंद केला, त्याच्या मागचा मुख्य व्हॉल्व फिरवून साखळी-कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. काम होईपर्यंत एकही टँकर उघडायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. एक टँकर आधीच येऊन शेडच्या सावलीत उभा होता. त्याच्याजवळ कोणी बिडी घेऊन जाऊ नये म्हणून गजेंद्र तिथेच बसला.

भर दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं, कावळासुद्धा गप्प. मी आणि भोजराज फिटर व्हॉल्वचे नट सोडवत होतो. माझा एक हात पाइपावर होता.

पाइपात आतून काहीतरी वाजलं.

टक… टक…

लोखंड तापलं की वाजतं, मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. हे दगडावर काठी ठोकल्यासारखं होतं, थांबून थांबून. भोजराजने हात काढून घेतला. हळूच म्हणाला, "म्याडम… अंदर कोनी आहे काय?"

तेवढ्यात वास आला. हेक्झेनचा नव्हे. ओल्या गाळाचा, गारगार. आणि पाइपाच्या पार आतून, फार दुरून, ती सुरातली हाक…

"पानी येऊन रायलं होऽऽ… वर व्हाऽऽ…"

मी शेडकडे पाहिलं. शेवटच्या रांगेतून पाणी कोसळत होतं. फक्त शेवटच्या. मधल्या सगळ्या रांगा कोरड्या ठाक, एका तोंडावर तर चिमणी बसलेली. पाण्याच्या त्या पडद्यात गजेंद्र उभा, काय झालं ते न कळून. आणि मग, त्यानंतर, आग आली. टँकरच्या एका जोडातून उकाड्याने हेक्झेन गळत होतं आणि ते कोणालाच दिसलं नव्हतं. ठिणगी कुठून पडली ते आजही कोणी सांगू शकत नाही. जमिनीवरून एक निळी चादर सरसरत शेडकडे गेली, पाण्याच्या कडेशी पोचली आणि विझली. तुझ्या भावाच्या फक्त भुवया जळाल्या.

पण पाणी थांबेना. शेडभोवतीची बुटकी भिंत भरत आली. हेक्झेन पाण्यावर तरंगतं, आणि ते पाणी भिंतीवरून सांडलं असतं तर नालीने थेट बॉयलरकडे गेलं असतं. मग गजेंद्र काय, आम्ही कोणीच उरलो नसतो. बंद करू तरी काय? पंप बंदच होता. साखळी जागेवर होती. किल्ली माझ्या खिशात.

तेव्हा मला कळलं, आबाजी कशाची वाट बघत आहेत.

मी ओरडले, "आलं, आबाजी!" पुन्हा ओरडले. पाणी तसंच. मी उभी होते पंपाच्या बाजूला, आणि उत्तर टोकावरूनच यावं लागतं. गजेंद्रला हाका मारल्या, पण त्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. पाणी भिंतीच्या कडेला टेकलं. मी धावत सुटले, आणि वाटेतच मला ऐकू आलं. पाण्याच्या आतून, बारीक आवाजात, जीव खाऊन…

"आलंऽऽ, आबाजी!"

पाणी थांबलं. चिमणी उडून गेली. गजेंद्र निथळत बाहेर आला आणि मला म्हणाला, "पोरगी कोनाची आहे वं ते? फ्रॉकवाली… माह्याजवळच उभी होती."

मी त्याला धरून रडले, एवढंच. नंतर तपासणीला साहेब आले. पाइपात साचलेलं पाणी असेल, म्हणाले. मी मान हलवली. शेडच्या फरशीवर बोटभर गाळ साचला होता, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. शेठजींनी मात्र महिन्याभरात दुसरा पंप आणला. शेवटी त्यांचा सीझन उजाडला.

झालं ते झालं, असं मी मनाशी म्हणत होते. कालपर्यंत.

आपल्या या घराला पाणी कधी येतं, तू दोन दिवसांत पाहिलंस. गावच्या नळाला त्याच तळ्याचं पाणी आहे, आणि गल्लीत आपलं घर शेवटचं. सगळ्यांचे हंडे भरले की मग आपली धार, करंगळीएवढी. काल भर दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा नळ वाजला. टक… टक… मग आला तो असा, जोरात. मी शेजारच्या जमुनाबाईंकडे जाऊन पाहिलं. त्यांच्याकडे टिपूस नाही. गल्लीत कोणाकडेच नाही.

तेव्हापासून तो चालू आहे. मी सिलिंडर बाहेर अंगणात नेऊन ठेवला, देवासमोरचा दिवा लावला नाही, घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. आणि 'आलं' हा शब्द या मोरीच्या आसपास मी मोठ्याने उच्चारलेला नाही. अजून कुठेच काही पेटलेलं नाही ना. काम व्हायच्या आधी आबाजींनी बंद करायला नको. तुझा भाऊ तेवढा सुखरूप घरी येऊ दे.

तू का हसतेस? मी घाबरलेली नाही. खरं सांगू, काल ती काठी ऐकली तेव्हा आधी मला माहेरी आल्यासारखं वाटलं. भीती नंतर वाटली.

थांब.

तू तो शब्द बोललीस का आत्ता? बारीक आवाजात? …मोरीच्या बाजूने?

नळ थांबला.

रेणू… हातातली काडीपेटी खाली ठेव.