फाट्यावर रेंगाळणारं रक्त

"श्वास रोखा," मी माइकमध्ये म्हटलं, आणि पडद्यावर यंत्रात झोपलेल्या माणसाच्या ठोक्यांचा आकडा टुणकन वर गेला. "सोडा" म्हटल्यावर उतरला. पुन्हा "रोखा"... पुन्हा वर!

"हिल्के, तू गप्प बस पाहू," एमआरआय यंत्र चालवणारी कोबा म्हणाली. "तुझ्या आवाजाने त्याची धडधड वाढतेय. माझे फोटो हलताहेत."

माझे कान तापले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कानही लाल झालेले होते. नाव यूस्ट, रॉटरडॅममध्ये ट्राम चालवतो. आमच्या अभ्यासाला धडधाकट माणसं हवी होती, म्हणून आला होता.

संध्याकाळी तिरका पाऊस झोडपत होता आणि मी नेमकी त्याच्याच ट्राममध्ये चढले. शेवटच्या थांब्यावर त्याने फ्राइजचा पुडा माझ्यापुढे धरला.

"काय शोधता तुम्ही आमच्या हृदयात?"

मी धुरकटलेल्या काचेवर बोटाने फाटा काढला. "रक्त धमनीच्या भिंतीला घासत जातं. जोरात, एका दिशेने गेलं की आतलं अस्तर खूश. पण फाट्याच्या बाहेरच्या कडेला ते रेंगाळतं, मागे-पुढे करतं... तिथे अस्तर बिथरतं, चरबी आत शिरते आणि थर धरतो."

"म्हणजे मागे-पुढे करणाऱ्यांचं काही खरं नाही," तो हसला. मग हळूच म्हणाला, "बाबा पन्नाशीत गेले. मोजे घालता घालता. म्हणून आलो मी... पुढच्या वेळी मात्र तुझ्यासाठी येईन."

आठवड्याने त्याचे फोटो माझ्यापुढे आले. त्यांवर नाव नव्हतं, पण इतक्या धडधडीचा दुसरा कोण असणार? हृदयाच्या डाव्या धमनीच्या फाट्यावर, बाहेरच्या कडेला रक्त रेंगाळत होतं. आणि तिथली भिंत जाड झाली होती. थोडीशीच, पण झाली होती.

नियम साधा होता – मी डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टर खात्री करून त्याला सांगणार. मी चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टरांना मी त्याच दिवशी सांगितलं, पण नंतर माझं कशात म्हणजे कशातच लक्ष लागेना. त्याची ट्राम दिसली की मी थांब्यामागे लपायची. तोंड बघून त्याने ओळखलं असतं.

एकदा त्याने थांब्यावर ट्रामचं दार उघडून मला गाठलंच. "येतेस?"

"काम आहे."

"नको असेन तर सरळ सांग ना, हिल्के. हे असं झुलवणं बरं नाही."

काय सांगणार, कपाळ? तोंडातून एवढंच निघालं – "फ्राइज खाऊ नकोस."

"आता माझे फ्राइजही नकोत?" दार बंद झालं. त्या दिवशी मी पावसात चालत घरी गेले आणि वाटभर रडले.

परवा तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा होता, नखशिखांत भिजलेला.

"डॉक्टरांचा फोन आला. थर आहे, लहान आहे. गोळ्या घे, रोज पळायला जा, म्हणाले. घाबरण्यासारखं नाही." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू लपलीस."

"तुझ्याबद्दल बोलायची मला परवानगी नव्हती, यूस्ट."

"आणि स्वतःबद्दल?"

मी त्याच्या ओल्या बाहीकडे बघत राहिले. "स्वतःबद्दल... घाबरले होते. तू मला फार आवडतोस. तू खूप वर्षं हवा आहेस मला."

त्याने माझा गार हात स्वतःच्या खिशात घातला.

"उद्या सकाळी नदीकाठी पळायला ये. एकट्याला कंटाळा येतो."

मी जन्मात कधी पळाले नव्हते. "किती वाजता?" मी विचारलं.