दोरीवरचा सदरा

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ना पोलिसानं, ना सरपंचानं, ना माझ्या शेजारणीनं. तुम्ही ठेवा न ठेवा, मी सांगून मोकळी होते. दिवा जरा इकडं सरकवा.

त्या दिवशी मी अर्धापूरकडच्या दयानंदच्या बागेत केळीचे घड उतरवायला गेले होते. भाकरी घरीच राहिली. माझी ऋतुजा नांदेडला कॉलेजात शिकायची. ती जीन घालून जीपमधून उतरली, हे सगळ्या पारानं पाहिलं. मग कपडे बदलून, माझी भाकरी घेऊन ती बागेकडं निघाली, ते कुणी पाहिलं नाही.

ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. दिवस कलताना मलाच सापडली, बागेतल्या चरात. अंगात सलवार, डोक्याला रुमाल, वरून बापाचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. केळीत जाताना आम्ही सगळ्याच बाया नवऱ्याचा जुना सदरा चढवतो. चीक लागला की लुगडं वाया जातं ना.

“जीन घालून हिंडल्यावर काय व्हणार?” पारावर गुंडप्पा म्हणाला.

“मेली तवा बापाचा सदरा व्हता तिच्या अंगात!” मी म्हणाले.

“हाव, अन् आमचे डोळे फुटले व्हते का?”

शेजारची सिंधु हळूच म्हणाली, “अक्का, तू आई हाईस. तू झाकणारच.”

पोलिसांनी पाय घसरला म्हणून मिटवलं आणि कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. सदऱ्याला नुसता चिखल होता. मी तो धुतला, दोरीवर टाकला. केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो. सदरा वाळला आणि पाठीवर पंजा उमटला. बाप्याचा, रुंद. करंगळी नव्हती त्याला.

दयानंदची करंगळी कोयत्यानं गेलेली, हे गावातलं पोरगंही सांगेल.

मी सदरा घेऊन पारावर गेले. गुंडप्पा हसला. “कोळशानं काढलीस का गं नक्षी?”

कोळसा तर कोळसा. तिथंच हापशावर, सगळ्यांदेखत साबण लावून घासला. पंजा हलला नाही. लोकांनी माना फिरवल्या.

मी सदरा परत दोरीवर टाकला. वाळला तेव्हा पंजा पाठीवर नव्हता, खांद्यावर होता. पुढच्या खेपेला कॉलरपाशी, गळ्याला धरल्यासारखा. चिकाचा डाग जागा सोडत नसतो. जन्म गेला माझा केळीत. घरभर कच्च्या केळीचा उग्र वास भरला. कोरड्या सदऱ्यातून थेंब पडायचा... टप... टप... आणि खाली जमीन कोरडीच.

एका तिन्हीसांजेला वारा नव्हता. सदऱ्याच्या बाह्या फुगल्या, आत हात घातल्यासारख्या. मी उंबऱ्यात बसून राहिले.

“ऋतु...?”

“आई... बटणं लावली होती ना मी?”

“हाव बाळा... सगळी लावली होतीस.”

दिवा लावून येते तोवर दोरी रिकामी.

सकाळी बागेत गलका झाला. त्याच चरात दयानंद पडला होता. डोळे उघडे. अंगात माझ्या नवऱ्याचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

मी गर्दीत घुसले. “सांजच्याला एकटा कशाला आला व्हता बागेत? अंगात काय घातलं व्हतं? इचारा की आता!”

“काय बोलून राहिलीस, अक्का?” सिंधु माझा दंड ओढायला लागली. “मेलेल्या माणसाला...”

“माझी पोर काय जित्ती व्हती तवा?”



तो सदरा पोलीस घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दोरीवर होता. ओला, पांढराशुभ्र. डाग गेला होता. मी त्याला हात लावलेला नाही, तरी तो अजून वाळला नाही.

काल परगावचा केळीचा व्यापारी पारावर टेकला होता. मी हापशावर घागर भरत होते. गुंडप्पा त्याला आवाज दाबून सांगत होता, “देवमाणूस व्हता दयानंद. खाल्लं त्याला तिनं. जित्तेपणी बी तसलीच, जीन घालून हिंडायची...”

गुंडप्पाची पाठ माझ्याकडं होती. अंगातल्या बंडीवर, खांद्यापाशी, पाण्यासारखा ओला डाग होता. लहानसा, पाच बोटांचा.

मी घागर भरत राहिले.

“कोण ती?” व्यापाऱ्यानं विचारलं.

“हिचीच की पोरगी,” माझ्याकडं अंगठा करत गुंडप्पा म्हणाला. “ऋतुजा.”