पाळीवरचा विसावा

सानगडीच्या बाजारामागे जागेश्वरचं गॅरेज होतं. नीलेशची व्हॅन त्याच्याकडे आली तेव्हा तक्रार साधीच होती. चालता चालता इंजिन बंद पडायचं. पण नीलेशच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बायकोचे, स्वातीचे, दिवस भरत आले होते. कळा कधीही सुरू होतील, भंडाऱ्याला न्यावं लागेल, आणि नेमकी तेव्हाच गाडी दगा देईल, ही धास्ती.

"बंद पडणारी गाडी मी तुया हातात देत नाई," जागेश्वर एवढंच म्हणाला.

त्यानं फिल्टर बदलला. पेट्रोलच्या पंपाचा दाब मोजला. तापल्यावर दगा देणारा सेन्सर नवा बसवला. एकेक वायर बोटांनी चाचपली. गॅरेजात इंजिन शांत घुमत राहायचं. मग तो चालवून बघायला निघायचा, आणि तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, गाडी थांबायची. धक्का नाही, आचका नाही. कोणी हलकेच किल्ली फिरवावी तशी. जरा वेळानं आपसूक चालूही व्हायची.

त्या दिवशी सांजेला नीलेशला शेजारी बसवून तो पुन्हा निघाला. दाबाचं मीटर लांब नळीनं जोडून समोरच्या काचेला चिकटवलं होतं. धानाच्या बांध्यांवर धुकं उतरत होतं. शेवाळाचा वास येत होता. पाळ आली. मीटरचा काटा जागचा हलला नाही, तरी इंजिन विझलं.

जागेश्वरनं या खेपेला बॉनेट उघडलं नाही. तो मागे जाऊन उभा राहिला. मागे कोणी नव्हतं, तरी गाडी मागच्या चाकांवर दबलेली होती.

"बापू," तो सावकाश म्हणाला, "पयल्यांदा बंद पडली, त्याच्या आंधी गाडीत काय नेलं होतं?"

नीलेश उतरून मागे आला. मग सांगू लागला. पावसाळ्यात आई, सुलोचनाबाई, भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारली. झड लागलेली. सीट काढून तिला याच गाडीत घरी आणलं, आणि घरून गाडीतूनच थेट घाटावर नेलं.

"इथं विसावा नाई देल्ला?"

"खांद्यावर कुठं होती काकाजी... गाडीच तं होती. कायले थांबाव म्हटलं."

मोहाखाली विसाव्याचा दगड होता. गावातली प्रत्येक तिरडी तिथं टेकायची. पुढचे खांदेकरी मागे जायचे, मागचे पुढे यायचे, आणि मग घाटाची वाट धरायची.

जागेश्वरनं मागचं दार उघडलं.

"टेकू दे तिले जरा... थकली असन."

दोघं हात जोडून उभे राहिले. आतून ओल्या लुगड्याचा वास आला. गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या आणि मागचा भाग हळूहळू वर उठला. नीलेशनं तोंडावर हात धरला.

"आता तू चालव," जागेश्वर म्हणाला. "मी मांगं बसतो. खांदा बदलाव लागते."

तो आत बसला आणि गाडी दबली, त्याच्या एकट्याच्या वजनानं दबली असती त्याहून पुष्कळ जास्त. त्यानं दार स्वतःच ओढून घेतलं.

"घाटाकडं घे... हळू ने."

किल्ली फिरवताच इंजिन लागलं. घाटावर जागेश्वरनं दार उघडलं, थोडा थांबला आणि लावून घेतलं. परतताना गाडी हलकी चालत होती. पाळीवरून ती न थांबता गेली.

पहाटेच स्वातीला कळा सुरू झाल्या. दुपारी नीलेशचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या, गाडी वाटेत कुठंच थांबली नव्हती. जागेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो निवांत आंघोळीला बसला. बायको, कौशल्याबाई, पाठ चोळायला आली आणि तिचा हात थांबला.

"कोणाच्या मयतीले गेले होते जी तुमी?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

त्याच्या उजव्या खांद्यावर बांबूच्या रुंदीचा लाल वळ होता. वळावर सुतळीचे पीळ उमटले होते. अंगावर अजून पाण्याचा थेंब पडला नव्हता, आणि ते पीळ ओले होते.