चार वाजताची सावली

“कोणाला विचारून ठोकल्यास या खुंट्या?” धाकट्या भावाने फाटकातूनच विचारलं, आणि अंगणात गुडघ्यांवर बसलेल्या ताईच्या हातातली सुतळी हातातच राहिली.

अंगणात एक उंच बांबू उभा होता. त्याच्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशीच्या फटींत ठोकलेल्या खुंट्यांची रांग, खुंट्यांवर ताणलेली सुतळी, फरशीवर चुन्याची पांढरी रेघ... धाकटा मोजणीदार होता; हिवाळ्यापासून बाहेरगावच्या मोजणीवर होता, तो आजच परतला होता. पंधरा वर्षं लोकांच्या जमिनींत तो असल्याच खुंट्या ठोकत आला होता, आणि त्यांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या नरडीला हात घालताना पाहत आला होता. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं!

“वाटणी हवी ना? तोंडाने मागायचीस!”

“अरे, वाटणी कसली? ही तर सावली...”

“मला खुंट्या शिकवू नकोस, ताई! आईबाबांमागे मला वाढवलंस, त्याचा मोबदला हवाय होय?”

याच्यासाठी ताईने आलेली स्थळं परतवली होती, रोपवाटिकेत माती उपसून याला शिकवलं होतं... आणि आज हा मोबदल्याची भाषा करत होता!

पश्चिमेच्या खोलीत त्याची बायको पडून होती. तिच्या नसांचं दुखणं असं की उष्मा वाढला की पायातलं बळच जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार ठेवा, नाहीतर ही कायमची अंथरुणाला खिळेल. गारव्याचं यंत्र आणलं, तर ऐन उन्हाच्या वेळी वीजच जायची. म्हणून ताई हिवाळ्यापासून दर रविवारी चार वाजता बांबूच्या सावलीचं टोक बघून खुंटी ठोकत होती. झाड नेमकं कुठे लावलं तर उन्हाळ्यात ते खिडकी झाकेल, आणि पानं गाळून हिवाळ्यात ऊन आत सोडेल, हे तिला शोधायचं होतं. चुन्याच्या रेघेपर्यंतची फरशी उखडायची, कारण तापलेली फरशी भिंतीला भाजते. तिथे गवत लावायचं... सगळं ठरलं होतं. शेवटची खुंटी तिने आज खिडकीखाली ठोकली होती.

हे सांगायला चार वाक्यं पुरली असती. पण ‘मोबदला’ या एका शब्दाने तिचं तोंडच शिवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. बांबू होता तिथे एक रोप लावलं, आणि खिडकीशी येऊन भावजयीला एवढंच म्हणाली, “याला पाणी घाल गं. बाकी काही विचारू नकोस.”

“वन्सं, नका ना जाऊ!”

ताई रोपवाटिकेतल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. धाकट्याने खुंट्या उपटल्या. खिडकीखालची मात्र मुळाशी मोडली आणि बुंधा जमिनीतच राहिला. भिंत धरत, थांबत थांबत भावजय पाणी घालत राहिली. पहिल्या हिवाळ्यात पानं झडली तेव्हा धाकटा खवचटपणे म्हणाला, “वाळकी काठी लावून गेलीय!”

सहा वर्षं गेली. भर उन्हाळ्यात एके दुपारी वीज गेली म्हणून कचेरी सुटली. धाकटा घरी आला, तर बायको खिडकीशी चक्क उभी! आधाराशिवाय!

“वर्ष झालं, दुपारची उठते मी,” ती म्हणाली. “तुम्ही दुपारचे घरी कुठे असता? सुट्टीलाही मोजणीवरच!”

तो बाहेर धावला. चार वाजले होते. झाडाचा घेर खिडकीवर काठोकाठ पसरला होता, आणि खोडाची सावली सरळ त्या मोडक्या खुंटीवर येऊन टेकली होती... मोजणीदाराला आणखी काही सांगावं लागलं नाही. तो तसाच रोपवाटिकेकडे सुटला.

रोपवाटिकेचा म्हातारा मालक म्हणाला, “आठवडा झाला, ताई उठत नाहीत. सावलीला चला म्हटलं, तर ऐकतील तेव्हा ना!” पत्रा भट्टीसारखा तापला होता. सहा वर्षं उन्हात राबून डोळे गेलेली ताई त्याच्या पावलांनीच त्याला ओळखून म्हणाली, “आलास?”

त्याने तिला उचलून घरी आणलं, पश्चिमेच्या खोलीत निजवलं. “ताई, मी पापी आहे गं! मला मार, पण बोल!”

ताईने चाचपडत भिंतीला तळवा लावला. कितीतरी वेळ तसाच ठेवला.

“गार आहे रे...” तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. “चुन्याच्या रेघेपर्यंतची फरशी काढली नाहीस ना? तिची झळ येतेय.”

“उद्या काढतो, ताई. उद्याच.”

पहाटे ताई गेली. तळवा भिंतीलाच होता.

तिला पोचवून आल्यावर धाकट्याने पहार घेतली. चुन्याची रेघ केव्हाच धुऊन गेली होती, पण ती कुठून कुठे गेली होती हे त्याला पाठ होतं. सहा वर्षं ती ताईने मागितलेली हद्द समजून तो तिच्यावर जळत आला होता. चार वाजेपर्यंत त्याने तिथवरची एकेक फरशी उखडली, आणि खिडकीत उभी राहून त्याची बायको रडत होती.