डावीकडची तिसरी फळी

कॉफी ओता आणि कंदील जरा आत घ्या, पोरांनो, वाऱ्यानं विझेल. घाई कसली नाही. मला लिहितावाचता येत नाही, तेव्हा जसं घडलं तसं एकामागून एक सांगतो. मध्ये तोडू नका.

ही गोष्ट फमाऊची. शाळेतला सुतार. मुलांची बाकं ठोकून हात मोकळे झाले की हा घरी छोटी जहाजं करत बसायचा. तीस वर्षं हाच नाद. हातभर लांबीचं जहाज, पण मोठ्याला जे जे असतं ते सगळं त्याला. गोरे पाहुणे विकत मागायचे. हा म्हणायचा, "विकायचं असतं तर भराभर केलं असतं."

गेल्याच्या गेल्या वर्षी, शाबान महिन्यात, त्यानं मला बेटाच्या पलीकडच्या टोकाला, मातोंडोनी गावाला धाडलं. मूठभर कापूस आणि मुशी माशाचं तेल आणायचं होतं, फटी बुजवायला. गाढवावरून गेलो, आलो. बघतो तर टेबलावर जहाज उभं. नाव वाचता येत नाही मला, तरी ओळखलं. 'तवक्कल'. फमाऊचा धाकटा भाऊ अथमान खऱ्या 'तवक्कल'वर नाखवा होता. त्याच्या वर्षभर आधी ते बुडालं होतं. अथमान गेला, बरोबर दोन खलाशी पोरं गेली.

जहाजाचा मालक बुनू. मीही त्याच्याकडंच, जहाजांच्या डागडुजीला. तो गावात सांगत फिरला, अथमान सुकाणूवर झोपला आणि जहाज खडकावर गेलं. मेलेला काही उत्तर द्यायला येत नाही. गावानं खरं धरलं. त्या पोरांपैकी एकाची आई, बी म्वानाशा, फमाऊच्या दारावरून जाताना बुईबुईचा काळा पदर तोंडावर ओढून घ्यायची. फमाऊला ते लागायचं.

"माझा भाऊ झोपणारा नव्हता," तो मला म्हणाला. "हे जहाज मशिदीच्या ओट्यावर ठेवतो. बघू दे लोकांना, काय चीज सांभाळत होता तो."

तीन दिवसांनी माझ्या दारात आला. "कोंबो, डावीकडची तिसरी फळी रोज सकाळी खाली पडलेली असते."

"मांजर असेल."

"मांजर फळीच्या खुंट्या काढून ओळीनं मांडून ठेवत नाही."

मी हसलो. पण त्याच्याकडं बघितलं नाही. का, ते पुढं सांगतो.

"आज रात्री माझ्याबरोबर बस," तो म्हणाला. "बुनूचा माणूस येत असेल तर धरू."

शाबानची सत्तावीस, गुरुवार. साडेअकराला वीज गेली. ओहोटी लागलेली, म्हणून पाण्याचा आवाजही नाही. फमाऊनं दार आतून लावलं, कंदील टेबलाखाली ठेवला. जहाजाचा वरचा तक्ता त्यानं कधीच ठोकून बंद केला होता. मधे बोटभर झरोका, तेवढाच.

"आणि माणूस नसेल तर रे?" मी विचारलं.

"तर म्हणेन, बाबा बस, कॉफी घे, माझी फळी ठेव."

"तुझी कॉफी पिऊन तो दुसऱ्यांदा मरेल."

हसलो दोघंही. मग वाट बघत बसलो. एक वाजून गेला असेल.

टक्.

एक खुंटी टेबलावर पडली.

मग दुसरी... तिसरी. बाहेरून कुणी ओढत नव्हतं, पोरांनो. आतून ढकललं जात होतं. फळी सुटली. त्या भोकातून पाणी आलं. थेंब... थेंब. लाकूड कोरडं ठणठणीत, आणि टेबलावर खारं पाणी.

मला उठता येईना. फमाऊ उठला. फळी उचलली, बसवली, खुंट्या ठोकल्या.

टक्. परत पडली.

परत बसवली.

टक्.

तो ताठ उभा राहिला. "ऐक," म्हणाला अंधाराला. आवाज अजिबात चढवला नाही. "कोण आहेस विचारत नाही. शंभरदा काढ. एकशे एकदा बसवीन. माझ्या भावाचं जहाज मी फुटकं ठेवणार नाही."

काही नाही.

बराच वेळ... काही नाही.

मग फळी हलली. टेबलावरून सरकली. सावकाश. फमाऊकडं नाही.

माझ्याकडं.

माझ्यासमोर, टेबलाच्या काठावर येऊन थांबली.

"ती बसवू नकोस," मी म्हणालो. "फमाऊ... ती फळी किडलेली होती. खऱ्या जहाजाची. अंगठा आत जायचा. बुनू म्हणाला, वरून चुना आणि चरबी फास, एक फेरी निघेल. मी फासली. अथमानला सांगितलं नाही."

फमाऊनं हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं,

"उद्या लोकांसमोर बोलशील?"

"बुनू मला परत कामाला उभं करणार नाही."

"मी ते नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, ओट्यावर जहाज ठेवलं. भोक लोकांकडं करून. बुनू आला.

"काय फमाऊ, म्हातारपणी खेळणी? आणि तेही फुटकं. बुजव ते."

"तुमचं भोक आहे मालक. मी नाही बुजवणार."

"चुलीत घाल नाहीतर. तुझ्या भावाची झोप झाकायला गोष्टी रचू नकोस."

मी उठलो. "चुना मी फासला. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"कोंबोला एक अक्षर येत नाही," बुनू लोकांना म्हणाला, "आणि हा साक्ष देणार."

"अक्षर येत नाही मालक. कीड ओळखता येते."

बी म्वानाशा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती पुढं आली, त्या भोकात बोट घातलं, तशीच उभी राहिली. मग फमाऊच्या दारावरून घरी गेली. तोंडावर बुईबुई न ओढता. माझ्याशी ती आजतागायत बोललेली नाही. बरोबर आहे तिचं.

त्या रात्री फमाऊनं फळी आणि खुंट्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, डब्याला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. भोक उघडंच राहू द्यायचं, असं ठरवलं त्यानं.

पहाटे मला उठवायला आला. मी गेलो.

कुलूप लागलेलंच. डबा रिकामा. फळी जहाजाला, जागच्या जागी, खुंट्या ठोकलेल्या.

झरोक्यातून मोबाईलचा उजेड पाडला. त्या फळीच्या फटीत काहीतरी ठासलं होतं. आतून. माझी करंगळी जात नाही तिथं. फमाऊनं तारेच्या आकड्यानं सावकाश ओढून काढलं.

कमरेला गुंडाळतात त्या किकोईची, निळ्या काठाची पट्टी होती. वीतभर, ओली. काठाला लाल दोऱ्याची टीप. ती टीप अथमानच्या बायकोनं घातलेली. त्या फेरीला निघताना त्याच्या कमरेला हीच किकोई होती, मी स्वतः पाहिली होती.

फाडून काढलेली, पोरांनो. घाईघाईनं, पाणी अडवायला.

फमाऊनं ती दोन्ही हातांत धरली. मग म्हणाला,

"जागा होता."