ज्वारीच्या अक्षता

बसा. लाइट यायला अजून अर्धा तास आहे. मोबाईलचे टॉर्च बंद करा आधी, डोळ्यांत जातात. ही गोष्ट समोरच्या घरातल्या प्रभुलिंगची. बरीचशी त्यानंच मला सांगितली, पण शेवट मी या डोळ्यांनी बघितलाय.

त्याची बायको सिद्धेश्वरी चार वर्षांपूर्वी गेली. अक्कलकोट रोडनं दोघं एका लग्नालाच निघाले होते. वळणावर मोटारसायकल घसरली, ती जागीच गेली. तेव्हापासून प्रभू कुणाच्या बारशालासुद्धा फिरकला नाही. सणाला घरात गोड नाही. त्याची सात वर्षांची लेक मनाली आमच्याकडं येऊन पुरणपोळी खायची. मला त्याचा राग यायचा. पोरीनं काय घोडं मारलं होतं?

गेल्या वर्षी त्याच्या जिवलग मित्राचं, शिवयोगीचं, लग्न ठरलं. अक्कलकोटच्या अलीकडं त्याचं गाव. आमंत्रणाला शिवयोगीची आई रत्नम्मा स्वतः आली. म्हातारी आता विसराळू झालीय. त्यांच्या घरी तांदळाच्या नाही, ज्वारीच्या अक्षता असतात, कुंकवात लाल केलेल्या. तिनं प्रभूच्या हातावर एक चिमूट ठेवली. मग दुसरी.

"ही सिद्धेश्वरीची. पोरीला घिऊन या दोघं."

सिद्धेश्वरी गेल्याचं तिच्या ध्यानातच नव्हतं. दारात आलेल्या म्हातारीला काय सांगायचं? प्रभूनं मान खाली घातली. "येतो की अव्वा. तिघं येतो."

अक्षता घेतल्या म्हणजे शब्द दिला, असं आपल्यात मानतात. हे त्यालाही ठाऊक होतं.

अकरा मे, रविवार. मुहूर्त रात्री आठचा. प्रभूनं नवा शर्ट घातला आणि मनालीला आमच्याकडं सोडलं. त्या रस्त्यावरून पोरीला न्यायची त्याची छाती नव्हती. साडेसातला आमच्या हिनं, जगदेवीनं, तिला जेवू घालून कुशीत झोपवलं. दाराची कडी मी लावली.

तिकडं लग्न लागलं, अक्षता पडल्या. तीन वर्षांनी आपण पोटभर हसलो, असं प्रभू मला म्हणाला. जेवण करून निघाला तर मांडवाच्या दारात रत्नम्मा उभी.

"सिद्धेश्वरीची ओटी भरली बघ मी. लई वाळलीया. धड बोलंना बी."

प्रभूनं ते मनावर घेतलं नाही. म्हातारीचं डोकं, दुसरं काय.

"आन मनाली केवढी झाली रं. हिरवा फ्रॉक शोभतोय तिला. आईचं बोट सोडंना..."

मनालीच्या अंगात त्या दिवशी हिरवाच फ्रॉक होता. त्याच फ्रॉकवर ती आमच्याकडं झोपली होती.

"अव्वा... कुटं हायत त्या?"

"गेल्या की मगाशी. पोरीला घिऊन जाते म्हनली."

"कुटं?"

रत्नम्मा मांडवाबाहेरच्या अंधाराकडं बघत राहिली.

प्रभूनं मला फोन लावला. तेरा वेळा. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि मी इकडं घोरत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

तो मोटारसायकलवरून निघाला. चांदणं होतं. रस्त्यावर कुणी नाही. ते वळण आलं...

गाडी मागून जड झाली.

त्यानं मागं बघितलं नाही. मागचं दिसू नये म्हणून आरसा हातानं फिरवला. तोंडात एकच, मनाली, मनाली...

शहराचे दिवे दिसले. गाडी हलकी झाली.

तेव्हा तो खरा घाबरला.

सव्वादहाला आमचं दार वाजलं. कडी आतून होती, मी लावली तशीच. मी ती काढली. प्रभू बुटांसकट आत धावला. मनाली जगदेवीच्या कुशीत होती. त्यानं तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

जगदेवीनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात तिथंच थांबला.

"अवो... लाइट लावा."

मी लावला.

मनालीच्या केसांत... मानेपाशी... उशीवर...

लाल ज्वारी. कुंकू अजून ओलं होतं.