प, फ, ब, भ, म

तुमचा टीव्ही मी उघडणार नाही, राग मानू नका. चाळीत कुणीतरी सांगितलं असेल, घनुभाई हौसेखातर करून देतात. देत होतो, खोटं नाही. आता देत नाही. बसा, ताक घ्या, का ते सांगतो. निराली शाळेतून यायला अजून तासभर आहे. ती असताना मी हे बोलू शकत नाही.

मी म्युनिसिपालिटीच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवतो. पहाटे व्हॉल्व्ह उघडायचा, पाऊण तासानं बंद करायचा, अकराला घरी. बाकीचे उरलेला दिवस पत्ते कुटण्यात घालवतात, मी बिघडलेल्या वस्तू उघडायचो. शिकलो काही नव्हतो, हात पोळून घेत घेतच जमायला लागलं. दर रविवारी एलिसब्रिज पुलाखाली भरणाऱ्या गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, जायचं आणि कुणाचं तरी मेलेलं यंत्र उचलून आणायचं, हा माझा नेम. माझी थोरली बहीण कंचनबेन, निरालीची फोई म्हणजे आत्या, पलीकडच्या गल्लीत राहते, विधवा आहे, आमचं दोन वेळचं तीच रांधते. ती म्हणायची, एक दिवस तुलाच गुजरीत मांडून येते, कुणी नेलास तर नेला.

ती रांधते, कारण घरात दुसरं कुणी नाही. माझी बायको भानु कावीळ होऊन पंधरा दिवसांत गेली. मागे राहिलो मी आणि निराली. ही गोष्ट घडली तेव्हा भानूला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि निराली अकराची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठ वाचते. बोलतेही, पण ते घरच्यांनाच समजतं.

तिला बोलायला शिकवलं ते भानूनं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या निर्मळाबेननी रीत दाखवली होती, पण कष्ट भानूचे. मी तिकडे टाकीवर व्हॉल्व्ह उघडायचो, इकडे नळाला पाणी यायचं. भानु निरालीला नळापुढे बसवायची, तिचा तळहात आपल्या तोंडासमोर धरायची आणि म्हणायची, "भर." हातावर वाऱ्याचा फटका बसायचा. पोर खिदळायची आणि हंडा नळाखाली सरकवायची. आयुष्यात तिला कळलेला पहिला शब्द तो. भानु गेल्यावर नळावर कंचनबेन यायला लागली, पण ती घाईची बाई, ती पोरीच्या हातून हंडा ओढून घ्यायची. तो शब्द घरात परत कुणी उच्चारला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी अब्बासभाईकडे बत्तीस इंची चपटा टीव्ही मिळाला. अब्बासभाई माझा जुना माणूस, लपवाछपवी करत नाही. म्हणाला, लाल दिवा लागतो, चित्र येत नाही, बाकी तुझं नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारी लू लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. खोलीत अंधार, पंख्याची घरघर आणि तापलेल्या पत्र्याचा वास. मी टीव्ही चालू केला आणि काळ्या काचेवर तिरका टॉर्च मारला. आत, खोल पाण्यात हलावं तसं, फिकट चित्र हलत होतं. म्हणजे चित्र जिवंत होतं, त्याच्या मागचे दिवे गेले होते. घरी बसून होण्यासारखं काम. मी खूश झालो.

मागचं झाकण काढलं. एक कॅपॅसिटर फुगलेला, दिव्यांच्या दोन पट्ट्या जळालेल्या. आणि आवाजाच्या दोन्ही वायरी कापलेल्या. तुटलेल्या नव्हत्या, कापलेल्या. टोकांना काळी पट्टी गुंडाळून वर दोऱ्याची गाठ मारली होती, कुणीतरी मन लावून केलेलं काम. मला हसू आलं. म्हटलं, सासवा-सुनांच्या भांडणाला कंटाळला असेल बिचारा. जोडणं दोन मिनिटांचं होतं, सोल्डरिंगची कांडी तापलेलीही होती. पण आमच्या घरात आवाज ऐकायचा कुणी? मी तो तसाच सोडला.

संध्याकाळी चित्र लख्ख आलं. निराली मांडी घालून समोर बसली.

इतर वेळी ती टीव्हीला कंटाळायची. माणसं तोंड फिरवतात, हिंदीत बोलतात, तिला चार शब्दही लागत नाहीत. या टीव्हीपुढून मात्र ती जेवायलाही उठेना. एकसारखी हसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, एवढं काय बोलतायत?

"मम्मीचं बोलतात," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"भर."

पडद्यावर बातम्या देणारी बाई होती. मी तिच्याकडे बोट केलं. निरालीनं मान डोलावली, भर. मी चॅनल बदललं. दाढीवाले महाराज प्रवचन करत होते. भर. मैदानावर ओरडणारा क्रिकेटवाला. तोही भर. मला कुणाच्याच तोंडावर तसं काही दिसेना. वाटलं, पोरीला आईची आठवण येते, दुसरं काय. मग साबणाची जाहिरात लागली. चार महिन्यांचं बाळ, दात नाहीत, टाळूही भरली नसेल. निराली टाळी वाजवून हसली.

"हे पण!"

आणि ते मला दिसलं. बाळाचे ओठ मिटत होते, उघडत होते... मिटत होते, उघडत होते. पाठोपाठ दुसरी जाहिरात आली, तिच्यात एक म्हातारा. त्याचेही ओठ त्याच लयीत.

 त्याच वेळी टीव्ही बंद करायला हवा होता, पण केला नाही. खरं सांगतो, तीन वर्षांत पोर अशी हसली नव्हती. अख्खं जग आपापसात बोलतं आणि ही मधे उभी राहून तोंडं बघत असते. आज तेच जग तिच्या आईच्या शब्दात तिच्याशी बोलत होतं. तिचं ते सुख मला मोडवेना.

बुधवारी ती पाणी भरायला लागली. आधी हंडे, मग बादल्या, मग ताटं, वाट्या. चाळीच्या टाकीत पाणी असेपर्यंत नळ सोडून बसायची. कंचनबेन भाकरी थापायला आली आणि पातेलं शोधू लागली, तर एकही रिकामं नाही. म्हणाली, बाप टाकीवर, लेक हौदावर, मी आता पोहायला शिकते. मी वरवर हसलो. ती गेल्यावर झाकण उघडून आवाजाच्या वायरी जोडल्या. आवाज आला, आणि अगदी साधा. अमदावादेत पारा चढणार, दुपारी बाहेर पडू नका. मी डोळे मिटून ऐकलं. मग कानांत बोटं घालून बघितलं. ऐकू येत होतं ते आणि दिसत होतं ते एक नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी टाकीवरून परस्पर अब्बासभाईच्या वखारीत गेलो. विचारलं, हा टीव्ही कुणाचा?

नदीपलीकडच्या एका घरातला, तो म्हणाला. म्हातारा-म्हातारी होती. म्हातारी वारली, म्हातारा सगळं विकून गावी गेला.

"म्हातारीला ऐकू यायचं?"

अब्बासभाईनं मान वर केली. "ठार बहिरी होती. पण तुला कुणी सांगितलं?"

मी वखारीतल्या भांड्यांकडे बघत होतो. तोच म्हणाला, "भांडी पण मीच उचलली तिथली. सगळी भरलेली, घनुभाई. वाटी न् वाटी. ओतता ओतता माझ्या माणसांची कंबर मोडली."

"वारली कशानं?"

"ते मी नाही विचारत. मेलेल्यांच्या घरातून माल आणतो मी, विचारत बसलो तर झोप लागेल का मला?"

परत येताना रिक्षात बसलो आणि मला निर्मळाबेन आठवल्या. निराली चार वर्षांची असताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठांवर एकसारखीच दिसतात. नुसतं बघून मुलाला ओळखता येत नाहीत. म्हणून हात लावून शिकवायचं. भ म्हटलं की तळहातावर वारा लागतो. म म्हटलं की नाकपुडीवर ठेवलेल्या बोटाला गुणगुण लागते.

मी मनातल्या मनात अक्षरं बदलून बघू लागलो. पर. फर. बर. भर.

मर.

रिक्षावाल्याला म्हटलं, भाई, जरा लवकर ने.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. कंचनबेन रांधून गेली होती. आत पाय ठेवला तो पाण्यातच. हंडे, ताटं, वाट्या, माझे सोल्डरिंगचे डबे, बाटल्यांची झाकणं, देवाची समई, भानूची कुंकवाची डबी, सगळं काठोकाठ. खिडक्या बंद, ओल्या फरशीचा वास, आणि टीव्हीचा निळा उजेड सगळ्या पाण्यांवर थरथरत होता. निराली समोर बसली होती. फ्रॉक भिजून अंगाला चिकटलेला, ओठ काळेनिळे.

"पप्पा, सगळं भरलं," ती म्हणाली. "काही उरलं नाही. तरी म्हणते..."

तिचे डोळे माझ्यावर होते, पण मधूनच खिडकीकडे जात होते. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली चाळीचा जुना हौद आहे, झाकण नसलेला. 

मी सरळ बटण बंद करायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण बटण बंद केलं असतं तर तो शब्द तिच्या मनात तसाच राहिला असता, आईचा शब्द म्हणून. मग ती कधी, कुठे, काय भरायला गेली असती? तिला कळायलाच हवं होतं. मी तिचा तळहात धरला आणि बातम्यांच्या बाईच्या तोंडासमोर, काचेजवळ नेला. आणि देवाशपथ, मी मनात म्हणत होतो, लागू दे. वारा लागू दे. भानूच असू दे.

निराली वाट बघत राहिली. मग तिनं मान हलवली.

"वारा नाही."

अर्थात नाही. काच ती, काचेला श्वास कुठला, असं मी स्वतःला सांगितलं. मी तिचा हात खाली घेणार तोच तिनं तो सोडवला. मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं आपलं बोट त्या बाईच्या नाकावर टेकवलं. काचेवर. बराच वेळ ती तशीच बसली. मग चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"म," ती म्हणाली.

मी बटणापर्यंत गेलोच नाही, वायरच भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. टीव्हीच्या काचेला बोट लावलं की अशी झिणझिण कधी कधी लागते, साधी वीज असते ती, दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा. मीही तेच धरून बसलो. निराली मात्र रडत नव्हती. तिनं विचारलं, "मम्मी माझ्यावर रागावली?"

मी तिला जवळ ओढलं, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर धरलं आणि सावकाश म्हणालो, "ती मम्मी नाही. मम्मी असं कधी म्हणणार नाही."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. माझं बोलून व्हायच्या आतच ती माझे हात सोडवून मागे सरकली, पार भिंतीपर्यंत. मला वाटलं, घाबरली आहे.

टीव्हीचे मी तुकडे केले. काच फोडली, बोर्ड कापला, चार वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकला. सगळी भांडी पालथी घातली. खिडकीला जाळी बसवली, खालच्या हौदावर चाळीकडून लोखंडी झाकण घालून घेतलं. कंचनबेनला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच काही टोमणा न मारता ऐकत राहिली आणि उठून निरालीची दृष्ट काढली. सुट्टी संपली, पोर शाळेत जायला लागली, जेवायला लागली. म्हटलं, टळलं.

पण ती माझ्याकडे बघेना. मी बोलायला लागलो की तिची नजर ताटात, नाहीतर जमिनीवर. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. तुम्हाला कल्पना यायची नाही, बहिऱ्या मुलानं आपल्या तोंडाकडे बघणं थांबवलं की बापाचं काय होतं. माझ्यापाशी दुसरी वाट नाही तिच्यापर्यंत जायची. मी तिला जेवायला ये म्हणत होतो, झोप म्हणत होतो, बाळा म्हणत होतो, आणि ते सगळं हवेत जात होतं. शेवटी एक दिवस तिची शाळेची वही पुढे ओढली आणि लिहिलं: माझं काय चुकलं?

 तिनं खाली लिहिलं: तुम्ही पण तेच म्हणता.

त्या दिवसापासून ती घरात असताना मी तोंड उघडलेलं नाही. ती समोर असली की तोंडाला रुमाल बांधतो आणि जे असेल ते वहीत लिहितो. परवा कंचनबेन येऊन तिच्याशी तासभर गप्पा मारून गेली. दोघी हसल्या, निरालीनं तिच्या तोंडाकडे अगदी टक लावून बघितलं. मला फार बरं वाटलं, वाटलं की आता निवळत आलं. मी वही घेतली आणि विचारलं, फोई पण म्हणते का?

तिनं लिहिलं: फोई नाही म्हणत. शाळेत कुणी नाही म्हणत. फक्त तुम्ही.

मी वही मिटणार होतो. तिनं ती परत मागून घेतली, उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली आणि माझ्याकडे न बघताच पुढे सरकवली.

झोपेत जास्त म्हणता.